माझ्या पॅनवर दोन थकीत कर्जं निघाली, घेतलेलं एकही नाही. काय करू?

गिरणी_बार्शी:
नमस्कार मंडळी. बार्शीत माझी पिठाची गिरणी आहे. मुलीला सोलापुरात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो, सहकर्जदार मीच. साहेबांनी पॅन टाकला, जरा वेळ बघत बसले आणि मॉनिटर माझ्याकडे वळवला. "काका, ही दोन कर्जं थकलीत की तुमची."

एक ३८,००० चं, दुसरं १२,५०० चं, दोन्ही मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून काढलेली. नाव, जन्मतारीख, पॅन सगळं माझं. मोबाइल नंबर मात्र भलताच आणि पत्ता हैदराबादचा. मी हैदराबाद पाहिलेलंसुद्धा नाही. कर्जफेडीचा स्कोअर ५६१ दाखवतो. मुलीचं कर्ज तिथंच अडलं.

परवा वसुलीवाल्याचा फोन आला. हात पिठाचे होते म्हणून स्पीकरवर टाकला. समोर दळण घेऊन चार बायका उभ्या, त्यांच्यादेखत तो म्हणाला, "पैसे बुडवून गिरणी चालवतोस काय?" वीस वर्षांत मी कुणाचा रुपया ठेवलेला नाही. त्या बायका काही बोलल्या नाहीत, पण एकीनं पीठ घेताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रात्री जेवण गेलं नाही मला.

झेरॉक्स कुठं कुठं दिल्या ते आठवत बसलोय. सिमकार्डाला दिली, फ्रिजच्या हप्त्यांना दिली. पंढरपुरात लॉजवर तर काउंटरवरच्या पोरानं आधार आणि पॅन दोन्हींचे फोटो स्वतःच्या मोबाइलात काढले होते. त्यातलंच कुठलं, कसं कळणार?

आता तो वसुलीवाला म्हणतोय ८,००० भरा, लहान कर्ज मिटवून टाकतो. फीची तारीख जवळ आलीय. भरून मोकळा होऊ का? आणि नवीन पॅन काढला तर ही कटकट संपेल का?

निवृत्त_शाखाधिकारी:
दादा, एक रुपयाही भरू नका. भरलात की कर्ज तुमचंच होतं असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होईल. शिवाय कर्जाच्या रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' (तडजोडीनं मिटवलेलं) असा शेरा पडतो आणि तो बघूनच पुढच्या बँका हात आखडता घेतात. माझ्या टेबलावर असे लोक आलेले आहेत. भीतीपोटी भरलेले पैसे परत मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

नवीन पॅनचा विचार सोडा. पॅन एका माणसाला एकच. दुसरा काढलात तर उलट तुम्हीच दंडाला पात्र ठराल.

आता कामाचं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या आपल्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, चौघांकडून रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचं बंधन त्यांच्यावर आहे. त्यात चौकशांचं पान नीट वाचा. तुमच्या पॅनवर कुणी कधी कर्जासाठी विचारणा केली ते तिथं तारखेसह असतं. तिसरं कर्ज शिजत असेल तर ते आधी तिथंच दिसेल.

मग दोन्ही कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा: कर्ज माझं नाही, करारनामा द्या, केवायसीची कागदपत्रं आणि सेल्फी द्या, आणि रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा केली ते सांगा. सगळा जीव या शेवटच्या प्रश्नात आहे. डिजिटल कर्जाची रक्कम कर्जदाराच्या खात्यातच गेली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खातं तुमचं नसेल तर कंपनीकडं बोलायला फारसं उरत नाही. त्याच दिवशी चारही ठिकाणी हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे त्यांनी तुम्हाला रोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा, फी नाही.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मुभा नाही, शिवीगाळ तर कधीच नाही. कॉल रेकॉर्ड करून ठेवा.

लातूरकर७२:
सगळं बरोबर आहे, पण पोरीच्या फीचं काय? नियम महिने खातात. मी असतो तर ८,००० टाकून आधी प्रवेश वाचवला असता.

शिलाई_कोरेगाव:
लातूरकर भाऊ, तसं करू नका हो. माझ्या पॅनवर कुणीतरी जीएसटी नोंदणी केली होती. मी घरी ब्लाउज शिवते आणि नोटीस आली लोखंडाच्या व्यापाराची. पहिल्यांदा मीही म्हटलं, काहीतरी भरून मिटवू. वकिलांनी अडवलं म्हणून वाचले. काका, जीएसटीच्या साइटवर पॅन टाकून शोधा, आपल्या नावावर नोंदणी आहे का ते दिसतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरची सिमकार्डं बघा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका.

आणि पोलीस "गुन्हा हैदराबादचा, तिकडं जा" म्हणाले तर ऐकू नका. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी (66C), ओळख चोरणं, तीन वर्षांपर्यंत कैद. दखलपात्र आहे. मला हे पाठ झालंय, कारण चार खेपा घालाव्या लागल्या. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला किंवा सायबरक्राइमच्या पोर्टलवर नोंद करा आणि पोचक्रमांक घेऊनच ठाण्यात जा.

गिरणी_बार्शी:
सगळ्यांचे आभार. आज पाच आठवड्यांनी लिहितोय.

८,००० भरले नाहीत. ठाण्यात पहिल्या दिवशी अर्जावर नुसता शिक्का मारून देत होते, ताईंनी लिहिलेलं कलम सांगितल्यावर निरीक्षक साहेबांनी स्वतः बसवून घेतलं. एफआयआरची प्रत मिळाली.

लहान कर्जवाल्या कंपनीनं कागद पाठवले. सेल्फीत पंचविशीतला पोरगा आहे, दाढीवाला. माझी जन्मतारीख १९७४ ची! त्याच्या तोंडाखाली माझं नाव छापलेलं बघून कसंतरीच झालं, किती वेळ बघत बसलो. पैसे गेले ते खातं माझं नव्हतंच. त्यांनी कर्ज रद्द केल्याचं पत्र दिलं, रिपोर्टमधूनही ते निघालं. त्या पत्राची प्रत गिरणीत काट्याच्या वर लावलीय, येणाऱ्याला दिसावी म्हणून.

फी मात्र बायकोचं गंठण सोनेतारणात ठेवून भरली. पोरगी कॉलेजला जाते.

३८,००० वाल्यांचं अजून उत्तर नाही. त्यांचे ३० दिवस १९ तारखेला संपतात. लोकपालाचा अर्ज लिहून तयार आहे, २० ला सकाळी टाकतो.