मदत हवी आहे: दुसरी आयव्हीएफ सायकल पण निगेटिव्ह, या गोळ्यांचा खरंच उपयोग होतो का?

कैरी_पन्हं: डॉक्टर म्हणाले ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आहे, म्हणजे पेशींना इजा होतेय. को-क्यू टेन, व्हिटॅमिन ई, झिंक अशी अख्खी पिशवी दिलीय, डब्यावर डबे. डाएट काय ठेवू? लवकर सांगा, २० तारीख जवळ आलीय.

निवांत७: स्ट्रेस कुणाचा, तुमचा की मिस्टरांचा? वय? रिपोर्ट?

सोलापूरकर_काका: गोळ्या सोडा. रोज दुधातून अश्वगंधा. आमच्या पुतण्याला तीन महिन्यांत गोड बातमी.

कैरी_पन्हं: माझं ३४. माझे रिपोर्ट ठीक. त्यांचा काउंट पण नॉर्मल, फक्त डीएफआय (शुक्राणूंमधल्या डीएनएची मोडतोड) ३८ टक्के.

निवांत७: "फक्त"? ३० च्या वर जास्तच धरतात. व्हेरिकोसील (अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा) बघितलं का? तंबाखू?

कैरी_पन्हं: सोडलीय. म्हणजे जेवणानंतर तेवढीच.

मिरची_ठेचा: 😂 म्हणजे दिवसातून दोनदा. आधी पुडी फेका, मग झिंक.

पुणेरी_आई: माझ्या नवऱ्याचा ३३ वरून २१ झाला, याच गोळ्यांनी. उगाच घाबरवू नका.

निवांत७: सिगरेट पण सोडली होती का त्यांनी?

पुणेरी_आई: हो, पण गोळ्यांनीच.

निवांत७: कसं ठरवलंत? अमेरिकेत २३७० जोडप्यांची मोठी ट्रायल झाली, निकाल २०२० ला आला. पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं. बाळं काही जास्त झाली नाहीत, पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या.

पुणेरी_आई: त्यात को-क्यू टेन कुठे होतं?

निवांत७: नव्हतं, मान्य.

आजी_नंबर_वन: डिंकाचे लाडू पाठवू का?

मिरची_ठेचा: आजी, ते बाळंतिणीला!

सोलापूरकर_काका: उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते का हो?

निवांत७: कैरी, २० ला नक्की काय आहे?

कैरी_पन्हं: गर्भ ट्रान्सफर. दोन ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचे गर्भ) फ्रीज केलेत.

निवांत७: अहो मग हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना! गर्भ तयार आहेत, आता मिस्टरांनी किलोभर अक्रोड खाल्ले तरी त्या दोघांना काय कळणार. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे त्यांच्या गोळ्या, तंबाखू सोडणं सगळं पुढच्या सायकलसाठी, ती लागली तर. तुमचं फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा, बाकी डब्यांतलं तुमचं कुठलं नि त्यांचं कुठलं ते डॉक्टरांना विचारा.

कैरी_पन्हं: अय्या, मी तर दोघांना सगळंच देतेय. आत्ताच त्यांना हे वाचून दाखवलं. पुडी टाकली म्हणतात. सापडली, झिंकच्या डब्यात.