ट्रेलरच्या एसीला जनरेटर कुठला घ्यावा? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

दादा (डॅलस): नमस्कार सगळ्यांना. आई-बाबा जूनमध्ये येताहेत, त्यांना ट्रेलरमधून (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) फिरवायचं ठरलंय. डॅलसहून पालो ड्युरो कॅन्यन, मग युटामधलं मोआब गाव, त्याच्या शेजारचं आर्चेस नॅशनल पार्क आणि तिथून ताईकडे डेन्व्हरला. ट्रेलरवर १३,५०० बीटीयूचा रूफटॉप एसी आहे पण आर्चेसच्या कॅम्पग्राउंडला लाइटचं कनेक्शनच नाही आणि तिकडे दुपारी ३८-४० डिग्रीला जातं, बाबांना बीपी, म्हणून जनरेटर घेतोय. इथे दुकानात एक बघून ठेवलाय, बॉक्सवर ४००० वॅट लिहिलंय, किंमत पण परवडते. घेऊन टाकू का?

नानाकाका (नाशिक): अरे थांब जरा. बॉक्सवरचा मोठा आकडा म्हणजे तो क्षणभर देऊ शकतो तेवढा. सतत किती देतो ते बारीक अक्षरात असतं, रनिंग किंवा रेटेड वॅट म्हणून, ते आधी वाच. आणि एसीच्या प्लेटचा फोटो टाक. मी ३० वर्षं मोटरी भरल्या, गिरणीच्या म्हणू नको विहिरीवरच्या म्हणू नको, मोटर उठताना पाच-सहा पट करंट ओढते आणि एसीचा कॉम्प्रेसर म्हणजे शेवटी मोटरच की. तेवढा एक क्षण जनरेटरने निभावला की पुढे काही नाही.

दादा: काका फोटो टाकलाय. आरएलए १२.८ आणि एलआरए ६३ लिहिलंय.

नानाकाका: आरएलए म्हणजे चालतानाचा करंट, तिकडच्या १२० व्होल्टला साधारण १५०० वॅट धर. एलआरए म्हणजे उठताना ६३ अँपिअरचा झटका, अगदी निमिषभर. लोक त्या झटक्यासाठी ३००० च्या वरचा जनरेटर घेतात आणि मग उरलेला सगळा वेळ उगाच पेट्रोल जाळतात. झटकाच कमी करता येत नाही का तिकडे? आपल्याकडे मोठ्या मोटरींना सॉफ्ट स्टार्टर लावतात तसं.

ताई (डेन्व्हर): काका तेच सांगणार होते! आमच्या ट्रेलरला मी दोन वर्षांपूर्वी सॉफ्ट स्टार्टर लावलाय, साधारण ३०० डॉलरला मिळतो, छतावर एसीच्या कव्हरखाली बसतो, झटका निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे आमचा एसी होंडाच्या ईयू२२०० आय या छोट्या इन्व्हर्टर जनरेटरवर उठतो, तो २२०० मॅक्स आणि १८०० रेटेड आहे. दादा तू तो ४००० वाला नको घेऊस. उघड्या फ्रेमचा आहे ना तो? त्याचा आवाज भयंकर असतो, नॅशनल पार्कमध्ये ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, आणि शेजारच्या तंबूत कोणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं रे. इन्व्हर्टर जनरेटरच घे, म्हणजे घरचा बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे, बंद डब्यातला कमी आवाजाचा पेट्रोल जनरेटर.

दादा: मग एक २२०० वाला आणि सॉफ्ट स्टार्टर, झालं?

ताई: डॅलसला झालं. आर्चेसला नाही. उंचीवर हवा विरळ म्हणून इंजिनाची ताकद कमी होते, दर १००० फुटांना साधारण ३.५ टक्के. ते कॅम्पग्राउंड ५२०० फुटांवर आहे, म्हणजे १८०० चे उरले जेमतेम १४७०, आणि तुझा एसीच १५०० मागतोय, त्यात कडक ऊन असलं की कॉम्प्रेसर आणखी ओढतो. आम्ही पहिल्या वर्षी हेच न कळल्यामुळे भर दुपारी दोन तास ओव्हरलोडचा लाल दिवा बघत बसलो होतो, मुलं घामाने निथळत होती. तू हेच मॉडेल घे, मी माझा घेऊन मोआबला येते, दोन जनरेटर एकत्र जोडायची पॅरलल केबल आहे माझ्याकडे. दोन मिळून तिथे २९०० च्या आसपास मिळतील. प्रत्येकी २१ किलो, एकट्याला उचलता येतो. एकच ३००० वाला घेतलास तर तो ६० किलोच्या घरात, तुझी पाठ आधीच दुखते.

वहिनी (डॅलस): ताई पण रात्रीचं काय? बाबांना झोप लागायला हवी ना गारव्यात.

ताई: वहिनी, रात्री जनरेटर चालवायचाच नाही. पार्कमध्ये रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते, आणि जनरेटर तर दिवसाही ठरलेल्या मोजक्या तासांतच चालवता येतो. आणि टाकी एक गॅलनही नाही, पूर्ण लोडवर तीन-सव्वातीन तासांत संपते. जनरेटर फक्त त्या ठरलेल्या वेळात ट्रेलर गार करायला. पालो ड्युरोला लाइटवाली साइट मिळते ती घ्या. आर्चेसला एकच रात्र ठेवा आणि दुसरी मोआब गावात लाइटचं कनेक्शन असलेल्या आरव्ही पार्कला (ट्रेलर लावायची भाड्याची जागा), थोडे पैसे जातील पण बाबा शांत झोपतील.

आणि दादा हे नीट वाच. जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे, खिडकीखाली किंवा ऑनिंगखाली (ट्रेलरच्या कापडी छपराखाली) कधीच नाही, पाऊस आला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, हीच लक्षणं उंचीवर गेल्यावर पण होतात, म्हणजे आई म्हणाली डोकं दुखतंय की आपण म्हणणार हवा लागली, पाणी पी, झोप. तसं नाही करायचं. आधी सगळ्यांना बाहेर काढ, मग बाकीचं. ट्रेलरमधल्या कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरवर एक्स्पायरीची तारीख असते ती आजच बघ.

वहिनी: बघितली. मागच्या वर्षीच संपलीय. नवीन मागवते लगेच.

आई (पुणे): बाबांचं रात्रीचं श्वासाचं मशीन चालेल ना रे?

दादा: हो आई, ते ट्रेलरच्या बॅटरीवर चालतं, काळजी नको. बॅटरी दिवसा भरून ठेवीन.

नानाकाका: नवीन जनरेटरमध्ये बहुतेक ऑइल नसतं, ते भरल्याशिवाय दोरी ओढू नको. आणि प्रवासाला निघायच्या आधी घरी तीन तास पूर्ण लोडवर चालवून मला कळव. सॉफ्ट स्टार्टर लावताना सगळी लाइन बंद, कॅपॅसिटरला हात लावू नको, तो बंद एसीमध्ये पण झटका देतो. नाहीतर मेकॅनिकच बोलव.

(रविवारी)

दादा: काका, रिपोर्ट. सॉफ्ट स्टार्टर मेकॅनिककडून बसवून घेतला. जनरेटर जोडल्यावर सर्ज प्रोटेक्टर (लाइनमध्ये दोष असला की ती अडवणारा डबा) ओपन ग्राउंड, म्हणजे अर्थिंग नाही, असं दाखवून लाइनच सोडेना, वाटलं नवाच खराब निघाला. ताईला फोन केला, ती म्हणाली या जनरेटरचा न्यूट्रल फ्रेमला जोडलेला नसतो, तो जोडणारा बाँडिंग प्लग जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये घाल. घातला आणि लगेच लाइन आली. मग इको मोड (लोड कमी असला की इंजिन हळू करणारा) बंद, आधी नुसता पंखा, पाच मिनिटांनी कॉम्प्रेसर, पहिल्याच दणक्यात उचलला! बाहेर ३७ डिग्री, मीटरवर १३ अँपिअर. पण मध्येच बॅटरीचा चार्जर सुरू झाला आणि १६ च्या वर गेलं, लाल दिवा. चार्जरचा ब्रेकर पाडला, फ्रिज गॅसवर टाकला, पुढे तीन तास न थांबता चालला.

नानाकाका: शाब्बास. म्हणजे बॅटरी भरायची एसी बंद असताना, सकाळी. आणि २० तास चालला की पहिलं ऑइल बदल.

ताई: पॅरलल केबल गाडीत टाकून ठेवली मी.