आबेंचं मोजमाप फक्त भारतमैत्रीवरून नको

'जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे भारताचे सच्चे मित्र, त्यांच्यावरची टीका म्हणजे डाव्यांची पोटदुखी' हे मत मला अजिबात पटलं नाही. मैत्री खरीच होती. 2007 मधलं आपल्या संसदेतलं भाषण, बुलेट ट्रेन, सगळं मान्य. पण जपानी मतदार त्यांना घरच्या कारभारावरून जोखणार ना?

मोरितोमो प्रकरणच घ्या. सुमारे 95 कोटी येन किमतीची सरकारी जमीन मोरितोमो नावाच्या एका शाळाचालक संस्थेला 13 कोटींच्या आसपास मिळाली. नियोजित शाळेच्या मानद मुख्याध्यापिका होत्या आबेंच्या पत्नी. 'आमचा संबंध निघाला तर राजीनामा देईन,' असं आबे फेब्रुवारी 2017 मध्ये संसदेत म्हणाले, आणि पुढे अर्थखात्यातल्या कागदपत्रांत फेरफार झाले. ते करायला लावलेल्या एका कर्मचाऱ्याने 2018 मध्ये आत्महत्या केली. त्याच्या पत्नीने दावा लावला, तर सरकारने 2021 मध्ये अचानक भरपाई कबूल करून खटलाच गुंडाळला. तिला पैसे नको होते हो, आदेश कुणाचा होता ते हवं होतं! आबेंनी आदेश दिल्याचं सिद्ध झालेलं नाही, हेही खरं. त्यांची हत्या भयंकरच होती. तरी 2022 च्या शासकीय अंत्यसंस्काराला विरोध करणाऱ्यांत असे प्रश्न विचारणारे अनेक जण होते, त्यांना देशद्रोही ठरवू नका.