अनुभव धागा : ब्लॅकआउट, भोंगा आणि घरातल्या युद्धाच्या आठवणी

चरईची_लेक
काल १९७१ च्या युद्धावरचा माहितीपट बघत होतो. आपल्या नौदलाचं खुकरी जहाज बुडाल्याचं आलं आणि आई बोलायला लागली. आमच्या चाळीतला एक मुलगा त्या जहाजावर होता. ९ डिसेंबरला दीवजवळ पाणतीर लागला, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले, हे माहितीपटात येतं आणि यायलाच हवं. पण १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आल्याची बातमी आल्यावर चाळीत पेढे वाटले गेले, तेव्हा त्या मुलाची आई सगळ्या पोरांच्या हातावर पेढा ठेवत होती. तिच्या घरी अजून कळलंच नव्हतं. हे सांगणारी आता माझी आईच उरली आहे. तुमच्या घरातलं असं काही असेल तर लिहा. मोडकंतोडकं चालेल.

वागळे_सेकंडशिफ्ट
खिडक्यांना खाकी कागद, बल्बला काळं पुठ्ठ्याचं नळकांडं, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा. फट दिसली की खालून आरोळी, "ओ दुसरा मजला, दिवा मालवा!" वडील रात्रपाळीहून अंधारात चालत यायचे. आजी दारात बसून राहायची. बाकी संध्याकाळी लिहितो.

गणेश_टॉकीजचा_पंखा
पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचं वार्तापट लागायचं. आपले जवान दिसले की अख्खं थिएटर टाळ्या. तेवढ्यासाठी लवकर जाऊन बसायचो.

नौपाडाकर
@पंखा काका, आणि नंतर कुंजविहारचा वडा!! बोला की!

गणेश_टॉकीजचा_पंखा
अरे वड्याशिवाय पिक्चर पूर्ण होतो का 😄

घणसोलीहून
आमचं मूळ गाव माणगाव तालुक्यात. पणजोबा मराठा पलटणीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीला. त्याच तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला पुतळा आहे, एसटीतून जाताना आजोबा हात जोडायचे. पणजोबांचं मात्र एक इटली स्टार पदक आणि डब्यातली मनीऑर्डरची पावती, बस. ते तिकडे काय खात होते, थंडीत काय घालत होते, कुणी विचारलंच नाही. फार लागतं हे मनाला.

कोपरी_पूर्व
माझे आजोबा १४ एप्रिल १९४४ ला मशीद बंदरला गादीवर होते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, त्याच्यात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला. सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. अग्निशमन सप्ताह त्याच तारखेपासून असतो. आमच्या शेजारच्या सिंधी आजी तर उल्हासनगरच्या बराकीत वाढल्या. आधी तिथे लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर निर्वासित आले. त्यांच्याशी बोलायला हवं.

नेरूळ_सेक्टर१०
कुकर लावून लिहितेय. १९९९ ला कारगिल युद्धात मिस्टर द्रासला होते. घरात टीव्ही अखंड चालू, सासूबाई देवासमोर, मुलगी लहान. ते परत आले पण त्या दिवसांबद्दल बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

चरईची_लेक
ताई, नकाच विचारू. तुमच्या बाजूचं तुम्ही लिहा. तेही त्याच युद्धातलं आहे.

नेरूळ_सेक्टर१०
🙏 शिट्ट्या झाल्या, रात्री येते.

आवाज_जपणारा
मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना ऐकतो, म्हणून सांगतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन त्यांच्याजवळ उशीवर ठेवा. "कसं वाटलं?" विचारलं की "काय वाटणार" म्हणून गप्प होतात. "त्या रात्री जेवायला काय होतं?" विचारा, तासभर बोलतात. मध्ये तारीख दुरुस्त करू नका, ती नंतर पडताळता येते. फाइल दोन ठिकाणी ठेवा, नाव आणि दिनांक घालून.

चरईची_लेक
आई म्हणाली, उकडलेले बटाटे. अंधारात सोलायला सोपे!

वागळे_सेकंडशिफ्ट
वडिलांच्या आवाजाची एक कॅसेट आहे, रात्रपाळीचं बोलले आहेत. पांढरी बुरशी दिसतेय. लावून बघू का?

आवाज_जपणारा
नका लावू! फीत खराब होईल आणि टेपचं हेडही. आधी साफ करून घ्यावी लागते. कोरड्या जागी उभी ठेवा. कुठे राहता?

वागळे_सेकंडशिफ्ट
किसननगर. रविवारी घरी असतो.

आवाज_जपणारा
मेसेज करतो.