मदत हवी आहे: वाळू चाळणारा गोबी दिवसभर चरतोय, तरी पोट खपाटीला

शिंपला

नमस्कार मंडळी,

पुण्यात घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. गणपतीच्या सुमारास लावली. तीन फुटी टाकी, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून पाणी २०० लिटरच्या आसपास. तळाला दोन इंच बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू, पिशवीतली कोरडी. दगड सिरॅमिकचे. पाणी आरओचं, त्यात मीठ मिसळून. मासे म्हणजे क्लाऊनची जोडी, एक पिवळ्या शेपटीचा डॅमसेल, आणि ज्याच्यासाठी हा धागा काढतेय तो डायमंड गोबी. पांढरट अंग, त्यावर नारिंगी ठिपके, लांबी चार इंच असेल.

वाळूवर सारखा तपकिरी थर बसत होता. दुकानात विचारलं, तर हा मासा सुचवला. वाळू पांढरी ठेवतो, खाली पडलेलं खातो, वेगळं काही घालायला नको, असं सांगितलं. वाळू खरंच स्वच्छ झाली. तोंड भरून वाळू उचलतो, जबडा हलवतो आणि कल्ल्यांतून ती खाली सोडतो. सकाळी दिवा लागल्यापासून संध्याकाळपर्यंत हेच चालू. घरातले सगळे टाकीसमोर बसून बघत राहतात, इतका गोड आहे तो.

पण होळीपासून लक्षात येतंय की तो बारीक होत चाललाय. पोट आत गेलंय, डोकं मोठं दिसतं. फ्रोझन मायसिस (गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव) घालते, पण क्लाऊन आणि डॅमसेल ते वरच्या वर फस्त करतात. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, खारटपणा १.०२५, तापमान २६.

दिवसभर चरणारा मासा बारीक कसा होतो? रोग असेल का? औषध द्यायचं तर कोणतं? कृपया लवकर सांगा, फार काळजी वाटतेय.

दर्यावर्दी

ताई, आधी औषधाचा विचार बाजूला ठेवा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून ही उपासमार आहे.

हा व्हॅलेन्सिएनिया प्युएलारिस. ह्या जातीचे मासे वाळू खात नाहीत आणि तपकिरी थर हे काही त्यांचं जेवण नाही. ते वाळूत राहणारे जीव खातात. कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड, बारीक किडे. पहिले दोन म्हणजे कोळंबीच्या नात्यातले चिमुकले जीव. तोंडात घेतलेली वाळू कल्ल्यांजवळच्या काट्यांमधून चाळली जाते, जीव आत राहतात, वाळू बाहेर पडते. कोकणात ओहोटीला किनाऱ्यावर वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी दिसते ना, ती करणारे चिमुकले खेकडे हेच काम करतात. समुद्रात हे जमतं, कारण तिथल्या वाळूत जीव भरलेले असतात आणि माशाला फिरायला जागा असते. एक कोपरा चाळून संपला की तो पुढे जातो.

तुमची वाळू कोरडी आली, दगड सिरॅमिकचे. म्हणजे टाकी सुरू झाली तेव्हा तळात खाण्यासारखं काहीच नव्हतं. नंतर थोडंफार जे वाढलं असेल ते ह्याने पहिल्या काही आठवड्यांत संपवलं. आता तो दिवसभर रिकामी वाळू चाळतोय. घालवलेली शक्ती भरून निघत नाही, म्हणून पोट खपाटीला गेलंय. आपल्याकडच्या बहुतेक टाक्या अशाच कोरड्या सामानावर उभ्या राहतात, त्यामुळे ही तक्रार आपल्याकडे पुन्हा पुन्हा दिसते. ‘वेगळं खाणं नको’ हा सल्ला ह्या माशाच्या जिवावर उठतो, आणि तो अजूनही सर्रास दिला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपाय आजपासून सुरू करा. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं, आणि थेट त्याच्या समोर. खाणं घालताना वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) आणि रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर आणणारा) बंद. आधी टाकीच्या दुसऱ्या टोकाला वर थोडं खाणं टाकून क्लाऊन आणि डॅमसेलला तिकडे गुंतवा. मग एक लांब कडक नळी किंवा टर्की बेस्टर (रबरी फुगा लावलेली मोठी पिचकारी) घेऊन वितळवलेलं मायसिस त्याच्या बिळाच्या तोंडाशी, अगदी वाळूवर सोडा. तो वाळूसकट उचलेल. मायसिस मोठं वाटत असेल तर चिरून द्या. फ्रोझन सायक्लॉप्स किंवा पोषण चढवलेलं आर्टेमिया (हेही असेच बारीक जीव) मिळालं तर फारच छान. बुडणाऱ्या बारीक गोळ्याही हळूहळू शिकतो.

खाजण

वरच्याशी सहमत, फक्त एक तपासा. नळीने नीट खायला लागल्यावरही पोट भरत नसेल, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लांब दिसत असेल, तर पोटात जंत किंवा तसलं काही असू शकतं. समुद्रातून पकडलेल्या माशांत ते नवीन नाही. पण हे खाणं सुरू झाल्यावर बघायचं. उपाशी माशाला आधी औषध पाजू नका.

आणि मुख्य टाकीत तांब्याचं औषध अजिबात घालू नका. अ‍ॅरागोनाइट वाळू तांबं शोषून घेते, मात्रा कळेनाशी होते, आणि वाळूतले उरलेसुरले जीवही मरतात. वेगळ्या टाकीत ठेवायची वेळ आलीच, तर तिथे एका पसरट डब्यात बारीक वाळू ठेवा. वाळूशिवाय हा मासा घाबरून कोपऱ्यात बसतो आणि खाणं सोडतो.

घरगुती खाण्याचं सांगतो. मासळी बाजारात ओला जवळा मिळाला तर घ्या. आरओच्या पाण्यात धुऊन, बारीक चिरून, पातळ थरात फ्रीझरमध्ये. सुकट वापरू नका. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) मांसही चालतं, पण रोज तेच नको, कारण त्यात थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. आलटूनपालटून द्या.

वाळवंटातला

दुबईहून लिहितोय. माझ्याकडे ह्याच कुळातला पिवळ्या डोक्याचा आहे, स्ट्रायगाटा. तो वाळू उचलून वर पोहत जातो आणि मध्येच सोडतो, सगळ्या दगडांवर पाऊस. तुमचा त्या मानाने तळाशी राहतो.

सम्पमध्ये एक कप्पा रिकामा करून तिथे केटोमॉर्फा शेवाळ ठेवा, वर छोटा दिवा रात्रीचा लावा. त्यात कोपेपॉड सोडले की ते सुरक्षित वाढतात आणि पंपातून थोडे थोडे वर जातात. शिवाय थोडे लाइव्ह रॉक (समुद्रातले जिवंत जीव असलेले प्रवाळाचे दगड) आणि एक समुद्रकाकडी आणा, वाळू जिवंत राहील.

दर्यावर्दी

केटोमॉर्फाचा सल्ला उत्तम. फक्त तेवढ्यावर मासा जगेल असं समजू नका, २०० लिटरच्या टाकीत पैदास कमी आणि खाणारा मोठा. नळीचं जेवण मुख्य, कोपेपॉड वरकड.

लाइव्ह रॉक आणि समुद्रकाकडीबद्दल मात्र थांबा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समुद्रकाकड्या आणि दगडी प्रवाळ २००१ पासून आहेत. आपल्या समुद्रातून ते उचलणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. ‘मालवणहून दोन दगड आणतो’ असं कोणी म्हणालं तरी घेऊ नका. तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि नसता तरी प्रवाळाचा दगड हा तिथल्या जीवांचं घर आहे. वाळूत जीव हवे असतील तर कोणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतली वाटीभर ओली वाळू मागून घ्या. त्या टाकीत अलीकडे रोग किंवा तांब्याचं औषध झालेलं नाही एवढी खात्री करून.

शिंपला

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आणि आज सकाळी नळीने दिलं. पहिल्यांदा नळी बघून बिळात पळाला. आज मी नळी तिथेच धरून थांबले, तर बाहेर येऊन दोनदा तोंड भरून घेतलं! बघून जीव भांड्यात पडला.

आता चार शंका. एक, एवढं खाणं घातल्यावर पाणी बिघडणार नाही का? दोन, त्याने मोठ्या दगडाखाली बीळ केलंय आणि दगड किंचित कललाय. तीन, हा बरा झाला तरी माझ्या टाकीत त्याला कायमचं ठेवणं योग्य आहे का? चार, तो तपकिरी थर परत आला तर काय करायचं?

खाजण

दगडाचं आजच करा, बाकीचं उद्या. दगड वाळूवर ठेवलेला असेल तर तो खालून पोखरत जाईल आणि एक दिवस दगड त्याच्याच अंगावर येईल, नाहीतर काचेवर. मासा बाहेर असताना दगड उचला, त्याखालची वाळू बारीक नळीने ओढून काढा आणि दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा. काचेवर ओरखडा नको असेल तर खाली अ‍ॅक्रिलिकचा तुकडा चालतो. मग वाळू भोवतीने परत घाला. बिळासाठी एका बाजूला पीव्हीसीचा तुकडा अर्धवट पुरून ठेवलात तर बहुतेक तोच पत्करेल. वाळू बारीक असेल तर तोंडाला इजा होत नाही, तुमची ठीक आहे. जाड, टोकदार प्रवाळाचा चुरा असता तर ती आधी बदलायला सांगितली असती.

पाण्याचं म्हणाल तर नायट्रेट १० म्हणजे हाताशी वाव आहे. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप रोज रिकामा करा, आणि अमोनिया काही दिवस वरचेवर मोजा. एका वेळी थोडंच घातलं, मासे खाऊन गेले, की प्रश्न येत नाही. न खाल्लेलं पंधरा मिनिटांनी त्याच नळीने ओढून काढा.

दर्यावर्दी

तपकिरी थर म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत पाण्यातल्या सिलिकेटवर तो येतो आणि सिलिकेट संपलं की बहुतेक वेळा आपणच ओसरतो. त्यासाठी मासा आणायची गरज नसते. आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा. शून्याच्या जवळ नसेल तर मेंब्रेन तपासा आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारा फिल्टर) जोडा. घरगुती पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून क्षार परत मिसळलेले असतात, ते पाणी वापरत असाल तर बंद करा. वाळू हलती ठेवायला नॅसॅरियस गोगलगायी पुरतात, त्या उरलेलं अन्नही शोधून खातात.

कायमचं ठेवण्याबद्दल मी स्पष्ट सांगतो. ही जात २० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते, समुद्रात बहुधा जोडीने राहते, आणि तीन फुटी टाकीतला तळ तिला पुरत नाही. रोज तीन-चार वेळा खाणं घालणारं माणूस घरात कायम असेल तरच ठेवा. सुट्टीला चार दिवस गावी गेलात तर शेजाऱ्यांना नळी धरायला शिकवावं लागेल. ते जमणार नसेल तर पाच-सहा फुटी, दोनेक वर्षं जुनी टाकी असलेल्या कोणाला द्या. पण आत्ता देऊ नका. पोट भरून दिसू द्या, मगच प्रवास.

पुढे गोबी हवाच वाटला तर यलो वॉचमन बघा. तोही बिळात राहतो, पण वाळू चाळून पोट भरत नाही. समोर आलेलं मायसिस आणि गोळ्या खातो, तुमच्या टाकीला बेताचा आहे, आणि पिस्तूल कोळंबी मिळाली तर दोघं एकाच बिळात राहतात. ते बघण्यासारखं असतं.

शिंपला

दगड काचेवर बसवला. नवरा आणि मी आलटूनपालटून खाणं घालतोय, मुलगा सकाळची पाळी सांभाळतो. नाशिकच्या एका ओळखीच्यांकडे सहा फुटी जुनी टाकी आहे, ते घ्यायला तयार आहेत. पोट भरलंय हे नक्की कशावरून ठरवू? आणि नाशिकला नेताना पिशवीत थोडी वाळू घालू का, त्याला धीर वाटावा म्हणून?

खाजण

वरून बघा. डोक्यामागे अंग एकदम अरुंद होत असेल तर अजून अवकाश आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ निमुळतं दिसलं आणि बाजूने पोटाची रेघ आत न जाता सपाट किंवा किंचित फुगीर दिसली, आणि सकाळी पहिलं खाणं घालण्याआधीही तशीच राहिली, की तयार समजा.

पिशवीत वाळू नको. गाडीच्या हिसक्यांनी ती अंगावर घासते. दुहेरी पिशवी, एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, शक्य असेल तर ऑक्सिजन, आणि वरून थर्मोकोलचा बंद खोका. अंधारात तो शांत राहतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळनंतर खाणं घालू नका. त्यांच्या टाकीचा खारटपणा आधी फोनवर विचारून घ्या आणि फरक असेल तर तिथे हळूहळू जुळवा.

तोवर तुमच्या टाकीवर आणि नंतर त्यांच्या टाकीवर बारीक जाळीचं झाकण हवंच. हे मासे रात्री दचकले की सरळ वर उडी मारतात, वायर जाते तेवढी फटही त्यांना पुरते. आज रात्रीच बघा, फट आहे का.