न्यूयॉर्कमधले नवे राहायचे टॉवर १९२०-३० सालच्या इमारतींसारखे का बांधतायत?

हडसनकाठी
नमस्कार मंडळी. मी जर्सी सिटीत राहतो, ऑफिस लोअर मॅनहॅटनमध्ये. रोज पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरतो आणि चालत जाताना वुलवर्थ बिल्डिंग लागते, १९१३ ची, २४१ मीटर उंच, कॅस गिल्बर्टने डिझाइन केलेली, वर हिरवं टोक आणि अंगभर चर्चसारखी नक्षी. इतकी वर्षं बघतोय तरी मान आपोआप वर जाते. तिच्या पाठीलाच ३० पार्क प्लेस नावाचा टॉवर आहे, २८२ मीटर. फिकट दगडी रंग, उभ्या रेषा, वर वर जाताना आत सरकत गेलेला आकार, त्यामुळे मी आजवर धरूनच चाललो होतो की हाही १९३० च्या आसपासचा असणार. परवा कळलं की तो २०१६ मध्ये पूर्ण झालाय! खाली हॉटेल आणि वर फ्लॅट.

मग बघायला लागलो तर असे बरेच निघाले. २२० सेंट्रल पार्क साउथ, १५ सेंट्रल पार्क वेस्ट, १११ वेस्ट ५७, ब्रुकलिन टॉवर. प्रश्न असा की जुने गगनचुंबी टॉवर तर ऑफिसांसाठी होते ना, मग आता घरं बांधताना तोच आकार का घेतायत? हा फक्त दिसण्याचा मामला आहे की आत राहणाऱ्यालाही काही फरक पडतो? आणि तो दगड खरा असतो का? मला हे सगळं मनापासून आवडतं म्हणून विचारतोय, जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

ओळंबा
मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात शिकलो, सध्या इकडेच काम करतो. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, म्हणजे ऑफिसचा आकार घरांना का, हे.

तो पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला १९१६ च्या झोनिंग कायद्यामुळे, म्हणजे शहरात कुठे काय आणि कसं बांधायचं हे ठरवणाऱ्या कायद्यामुळे. त्याच्या आदल्या वर्षी ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग झाली, रस्त्याच्या कडेपासून जी सरळ वर गेली ती गेलीच, आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये ऊन येईना. मग नियम झाला की ठरावीक उंचीनंतर इमारतीने मागे सरकायचं, आणि प्लॉटच्या पंचवीस टक्के भागावर मात्र कितीही उंच जायची मुभा. क्रायस्लर (१९३०) आणि एम्पायर स्टेट (१९३१) यांचे आकार यातूनच आलेत, खाली रुंद बैठक आणि वर सडपातळ मनोरा.

पण याहून महत्त्वाची गोष्ट आतली आहे. त्या काळी एसी नव्हते, ट्यूबलाइट नव्हत्या, त्यामुळे टेबल खिडकीपासून २५-३० फुटांपेक्षा लांब टाकलं की माणसाला दिसायचं नाही. म्हणून मजले अरुंद ठेवायचे, मध्ये उजेडासाठी चौक सोडायचे, खिडक्या उघडणाऱ्या. आता सांगा, हे वर्णन ऑफिसचं आहे की चांगल्या घराचं? घरालाही हेच लागतं, प्रत्येक खोलीला उजेड, वारा आणि खिडकी. म्हणून तर वुलवर्थच्या मनोऱ्यातले वरचे तीसेक मजले आता फ्लॅट करता आले. उलट १९६०-७० च्या काचेच्या ऑफिसांचे मजले इतके खोल असतात की त्यात घरं काढायची म्हटलं तर मधली सगळी जागा अंधारी राहते, ती रूपांतरं फार अवघड जातात.

तेव्हा माझ्या मते नव्या टॉवरची परीक्षा प्लॅन बघून करावी, नक्षी बघून नाही. १५ सेंट्रल पार्क वेस्ट (रॉबर्ट स्टर्न यांची फर्म, २००८) मला यासाठी आवडते. पार्ककडे बुटका भाग, मागे ३५ मजल्यांचा मनोरा, मध्ये चौक. आणि भिंती आहेत! काचेच्या टॉवरमध्ये कपाट, पलंग, पुस्तकं नेमकी लावायची कुठे हा प्रश्न रोजचा असतो. भिंतीत खिडकी असली की खोलीला खोलीपण येतं, आणि उन्हाळ्यात तापते कमी.

सरळरेषा
ओळंबा, लिहिलंय छान पण मला हे पटत नाही. १९३० मध्ये त्यांनी त्यांच्या काळाचं बांधलं, स्टीलची नवी फ्रेम, नवे लिफ्ट, सगळं नवं. आपण २०१६ मध्ये १९३० चं का बांधायचं? आत आरसीसीचा सांगाडा आणि बाहेरून काही सेंटिमीटर जाडीचा दगड चिकटवायचा याला मी तरी मुखवटाच म्हणेन. आणि घेतं कोण? २२० सेंट्रल पार्क साउथमधलं एक पेंटहाउस २०१९ मध्ये जवळजवळ २४ कोटी डॉलरला गेलं. साध्या माणसाला हा प्लॅन आणि या भिंती मिळणार नसतील तर त्या चांगुलपणाचा उपयोग काय?

ओळंबा
किमतीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मुखवट्याबद्दल मात्र थांबा जरा. एम्पायर स्टेटचा लाइमस्टोनसुद्धा वजन उचलत नाही, वजन स्टीलच्या फ्रेमवर आहे, दगड तेव्हाही कातडंच होता. शिकागोत १८८५ ला होम इन्शुरन्स बिल्डिंग झाली तिथपासून हीच गोष्ट, आत सांगाडा आणि बाहेर आवरण. आज राहायच्या टॉवरना आरसीसी वापरतात कारण स्लॅब पातळ बसते, मजल्याची उंची वाचते आणि वजनामुळे वाऱ्यात डुलणं कमी होतं. १११ वेस्ट ५७ बघा, ४३५ मीटर उंच आणि रुंदी जेमतेम १८ मीटर, म्हणजे एकास चोवीस! तरी वर ८०० टनांचा डॅम्पर, म्हणजे डुलणं थोपवणारं वजन, बसवावा लागला. हे १९३० चं नाहीच, तेव्हा जमलंच नसतं. उत्तरेची पार्ककडची बाजू सरळ काचेची, दक्षिणेकडे पिसांसारख्या पायऱ्या घेत मागे गेलाय, आणि पूर्व-पश्चिम बाजूंना टेराकोटा (भाजलेली माती) आणि ब्राँझ. पायथ्याशी १९२५ चा स्टाइनवे हॉल जपून ठेवलाय. जुन्याकडून शिकून नवं केलंय असं मी याला म्हणेन.

पाचव्या_मजल्यावरून
टेराकोटाचा विषय निघाला म्हणून लिहितेय. मी फसाड इन्स्पेक्शनचं काम करते, म्हणजे दोरीवरच्या पाळण्यातून इमारतीच्या भिंती हाताने ठोकून बघायचं. १९७९ मध्ये इथे जुन्या इमारतीवरून तुकडा पडून एक कॉलेजची मुलगी गेली, त्यानंतर कायदा झाला, आता सहा मजल्यांवरच्या प्रत्येक इमारतीची दर पाच वर्षांनी तपासणी लागते.

जुन्या टेराकोटाचं दुखणं सांगते. आतून पोकळ भाजलेले ठोकळे, लोखंडी आकड्यांनी फ्रेमला धरलेले आणि मागे सगळं विटांनी गच्च भरलेलं. सांध्यातून पाणी शिरलं की बाहेर पडायला वाटच नाही, लोखंड गंजतं, गंजून फुगतं आणि ठोकळा फोडतं. वुलवर्थवर १९७० च्या दशकाच्या शेवटी जे काम सुरू झालं त्यात सुमारे २६ हजार तुकडे काढून काँक्रीटचे बसवावे लागले. विचार करा, २६ हजार!

नव्या टॉवरमध्ये टेराकोटा पॅनेलवर टांगलेला असतो आणि त्याच्या मागे हवेची पोकळी सोडलेली असते, पाणी आत आलं तरी खाली वाहून निघून जातं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात पण आतली रीत अगदी वेगळी आहे. सरळरेषा यांना मुखवटा वाटतो तो माझ्या दृष्टीने इमारतीचा रेनकोट आहे. आणि काचेच्या भिंतीलाही म्हातारपण येतंच, त्यांचे सीलंट आणि गॅस्केट, म्हणजे सांधे बंद करणारा रबरासारखा माल, काही वर्षांनी बदलावे लागतात, हे घर घेताना कोणी सांगत नाही.

गोलगॅलरी
मी दादरची. धागा वाचून राहवलं नाही. आमची बिल्डिंग शिवाजी पार्कजवळची, चार मजली, १९४० च्या आसपासची. कोपऱ्याला गोल वळणाऱ्या गॅलऱ्या, खिडक्यांवर लांबलचक छज्जे, जिन्यात मोझॅक आणि उगवत्या सूर्याची लोखंडी जाळी. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, पण दादर-माटुंग्यातल्या आमच्यासारख्या बिल्डिंगा त्यात नाहीत. आता आमची रिडेव्हलपमेंटला चाललीय. बिल्डिंग खरंच थकलीय, पावसात वरच्या मजल्यावर बादल्या लावतो, त्यामुळे नवीन नको असं मी म्हणतच नाही. पण बिल्डरने दाखवलेल्या चित्रात सगळी निळी काच आणि मध्ये दोन सोनेरी पट्ट्या, आणि वर म्हणे आर्ट डेको थीम. छज्जा एकही नाही. मुंबईच्या पावसात आणि मे महिन्यात छज्जा नसलेल्या खिडकीपाशी बसून बघा म्हणावं. माझ्या आजीचं दुपारचं बसणं, निवडणं-टिपणं सगळं त्या गॅलरीत व्हायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बोलले तर सगळे एरिया किती वाढतोय तेवढंच विचारतात. न्यूयॉर्कमध्ये जे करतात ते इथे करून घेता येईल का?

ओळंबा
ताई, येईल, पण लवकर हालचाल करा. डीए म्हणजे डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटवर (बिल्डरशी होणाऱ्या करारावर) सह्या व्हायच्या आधी एलेव्हेशन (इमारतीच्या बाहेरच्या बाजूचं चित्र) आणि टिपिकल फ्लोअर प्लॅन (एका मजल्याचा नकाशा) त्याला जोडून घ्या, एकदा सह्या झाल्या की चित्र कधीही बदलू शकतं. सोसायटीचा स्वतःचा आर्किटेक्ट असेल तर त्याच्याकरवी चारच गोष्टी लिहून मागा: खिडक्यांवर छज्जे, प्रत्येक खोलीला बाहेरची खिडकी, स्वयंपाकघर आणि बाथरूमला खरं वेंटिलेशन, आणि बसता येईल एवढी रुंद गॅलरी. गोल कोपरा मिळाला तर फारच छान, पण आधी या चार. आणि मीटिंगमध्ये जुनं म्हणून मागू नका, ऊन-पावसाचं आणि विजेच्या बिलाचं म्हणून मागा, लोक ऐकतात.

जिन्यातली जाळी उतरवून नव्या एंट्रन्स लॉबीत बसवायची हेही लेखी घ्या. पाडकामात पहिलं भंगारात जातं ते लोखंडच.

गोलगॅलरी
खूप आभार. रविवारी मीटिंग आहे. जाळीचं माप आजच घेते, भावाला सांगून सगळ्या गॅलऱ्यांचे फोटोही काढून ठेवते.

हडसनकाठी
ताई, फोटो इथे टाका नक्की. मी उद्या सकाळी ३० पार्क प्लेसच्या खिडक्या नीट बघणार आहे, दोन खिडक्यांमध्ये भिंत किती सोडलीय ते.