एवढा वेगवान, तरी २८ वा?

प्रश्न: ऑस्टिनला राहतो, टेक्सास विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे सामने चुकवत नाही, पण ड्राफ्टचं (व्यावसायिक NFL संघ कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात, त्याचं) गणित डोक्यावरून जातं. आमचा रिसीव्हर (पळत जाऊन पास झेलणारा) झेवियर वर्दी २०२४ च्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीत, ४० यार्ड ४.२१ सेकंदांत पळाला. विक्रम! तरी कॅन्सस सिटीच्या संघाने घेतला थेट २८ वा. का?

– वजन बघ की राव! १६५ पौंड, म्हणजे जेमतेम ७५ किलो. दांडगा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) सुरुवातीलाच धरून ठेवेल.

– घड्याळावर जाऊ नका. रिसीव्हर जॉन रॉस २०१७ ला ४.२२ पळाला, नववा गेला, पुढे फुसका बार. त्याच वर्षी कूपर कप ४.६२, तिसऱ्या फेरीत. २०२१ च्या मोसमात त्याचे १४५ झेल! मी बॉल सोडून रिसीव्हरचे पाय बघतो. वळायच्या आधी पावलं बारीक झाली की कॉर्नरबॅकला सुगावा लागलाच.

– (प्रश्नकर्ता) रिप्ले लावला. तिसऱ्यांदा पावलं दिसली. बायको विचारतेय, झेल घेतला की सुटला? बघितलंच नाही.